मेक्सिकोचा हॅलोवीन वगैरे काही नाही, आणि शिकागोचं ते म्युझियम म्हणजे कवट्यांचं दुकानही नाही

ऑक्टोबर आला की एक मेसेज फिरायला लागतो, यंदा आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि इकडे शिकागोतल्या मराठी लोकांच्या ग्रुपवरपण. मजकूर थोडक्यात असा: "डे ऑफ द डेड म्हणजे मेक्सिकन हॅलोवीन. ती परेड जेम्स बॉन्डच्या पिक्चरमुळे सुरू झाली, जुनी परंपरा वगैरे थाप आहे. शिकागोचं मेक्सिकन म्युझियम टुरिस्टांकडून पैसे काढायला कवट्या मांडतं. बाकी तिथे फ्रिडाशिवाय काय असणार, आणि सण साजरे करणं हे म्युझियमचं कामच नाही." खाली हसणारे इमोजी. मी त्या म्युझियममध्ये, म्हणजे नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टमध्ये, गेली कितीतरी वर्षं जातोय, म्हणून गप्प बसवलं नाही, एकेक मुद्दा घेतो.

पहिला हॅलोवीनचा. तारखा शेजारी आहेत हे खरं, ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन आणि १ आणि २ नोव्हेंबरला दिया दे मुएर्तोस, म्हणजेच डे ऑफ द डेड, आणि दोन्हीच्या मागे कॅथलिक चर्चचे तेच सर्व संतांचे आणि मृतात्म्यांचे दिवस आहेत, तेही मान्य. पण घरात काय चालतं ते बघा ना. हॅलोवीनला घाबरायचं आणि घाबरवायचं असतं. इथे मेलेल्या माणसाला घरी बोलवायचं असतं, नावाने. १ तारखेला गेलेली मुलं येतात, २ ला मोठी माणसं. त्यांच्यासाठी जे मांडतात त्याला ओफ्रेन्दा म्हणतात: फोटो, मेणबत्त्या, मीठ, पाण्याचा ग्लास कारण लांबून येणारा तहानलेला असतो, पान दे मुएर्तो नावाचा ब्रेड, त्या माणसाला आवडायचं ते जेवण, कोपाल नावाच्या राळेचा धूप, आणि झेंडू. ढीगभर झेंडू. रंगाने आणि वासाने त्यांना वाट सापडावी म्हणून.

आणि झेंडूवर आपण सगळ्यांनी जरा थांबायला पाहिजे. हे फूल मूळचं तिकडचं आहे, मेक्सिकोचं, तिथे त्याला सेम्पासुचिल म्हणतात, नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेतला शब्द, अर्थ साधारण वीस पाकळ्यांचं फूल. आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर आलं असं मानतात. म्हणजे दसऱ्याला आपण ज्याचं तोरण दाराला लावतो ते फूल त्यांच्याकडून आलंय. मी आईला पहिल्यांदा त्या म्युझियममध्ये घेऊन गेलो तेव्हा ती एका ओफ्रेन्दासमोर उभी राहिली आणि काही न बोलता चपला काढून बाजूला ठेवल्या. मी म्हटलं, "आई, इथे चालतं गं चपला घालून." ती म्हणाली, "अरे, कुणाच्या तरी माणसाचं पान वाढलंय हे." तिला इंग्रजी पाटी वाचायची गरज पडली नाही. पितृपक्ष आणि हे एकच आहे असं मला म्हणायचं नाहीये, विधी वेगळे, श्रद्धा वेगळी. पण गेलेल्या माणसासाठी त्याच्या आवडीचं ताट वाढणं म्हणजे काय हे ज्या घरात माहितीये त्या घरातल्या लोकांनी याला भुताखेतांचा सण म्हणून हसावं याचं मला फार वाईट वाटतं.

कवट्या भीतीसाठी नसतात हेपण सांगतो. ती मोठी हॅट घातलेली हाडांची बाई, कात्रिना, ती होसे ग्वादालुपे पोसादा या छापचित्रकाराची, १९१० च्या सुमाराची. ती टीका होती, आपलं देशी मूळ लपवून युरोपियन थाटात मिरवणाऱ्यांवर. नंतर चित्रकार दिएगो रिवेराने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला पूर्ण अंग आणि पोशाख दिला. साखरेची कवटी असते तिच्या कपाळावर नाव लिहिलेलं असतं, बऱ्याचदा जिवंत माणसाचंच, आणि ती मुलं खातात.

दुसरा, जेम्स बॉन्ड. यात अर्धं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. मेक्सिको सिटीची ती मोठी परेड २०१६ साली सुरू झाली आणि २०१५ च्या 'स्पेक्टर' सिनेमातल्या सुरुवातीच्या सीनवरूनच ती कल्पना आली. पण परेड म्हणजे सण नव्हे! युनेस्कोने या परंपरेला २००३ मध्येच मान्यता दिली, २००८ मध्ये ती जागतिक यादीत गेली. आणि शिकागोच्या या म्युझियममध्ये डे ऑफ द डेडचं प्रदर्शन १९८७ पासून दरवर्षी लागतंय, म्हणजे त्या सिनेमाच्या अठ्ठावीस वर्षं आधीपासून. जुन्या आदिवासी समजुती किती आणि स्पॅनिश कॅथलिक वळण किती यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते असू देत, पण लंडनच्या सिनेमावाल्यांनी सण शोधून काढला हे साफ चूक.

आता पैशांचा मुद्दा, जो वाचून मी खरं तर चिडलो. नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टला तिकीट नाही. कधीच नव्हतं. कार्लोस तोर्तोलेरो आणि हेलन वाल्देझ, दोघं शाळेत शिकवणारी माणसं, यांनी काही सहकारी शिक्षकांना घेऊन १९८२ मध्ये संस्था काढली, हातात ९०० डॉलर होते. मोठी म्युझियमं डाउनटाउनला असतात, यांनी ठरवून पिल्सन या वस्तीत उघडलं, हॅरिसन पार्कातल्या एका जुन्या इमारतीत जिथे पूर्वी बोटी बनवायचं वर्कशॉप होतं, १९८७ साली. पिल्सन हे नावच चेक लोकांनी ठेवलेलं, मेक्सिकन कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने आली ती साठच्या दशकात, युनिव्हर्सिटीच्या कॅम्पससाठी त्यांची आधीची वस्ती पाडली गेल्यावर. म्हणजे एकदा उठवल्या गेलेल्या लोकांच्या दाराशी हे म्युझियम उघडलं, फुकट, आणि तेच लोक मुलांना घेऊन आत येतात. गिफ्ट शॉप आहे, तिथे मेक्सिकोतल्या कारागिरांच्या वस्तू विकतात, कवट्यापण विकतात. त्यात गैर काय आहे?

फ्रिडाबद्दल, म्हणजे मेक्सिकोची प्रसिद्ध चित्रकार फ्रिडा काहलो, लवकर सांगतो. संग्रह १८,००० वस्तूंच्या वर आहे, जुन्या मातीच्या भांड्यांपासून शिकागोत वाढलेल्या आजच्या पोरांच्या कामापर्यंत. २००६ मध्ये त्यांनी मेक्सिकोतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवर मोठं प्रदर्शन केलं, यांगापासून आजपर्यंत. हा यांगा वेराक्रूझच्या डोंगरात पळून गेलेल्या गुलामांचा पुढारी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश सत्तेशी लढून त्याने आपलं गाव मिळवलं, ते आज त्याच्याच नावाने आहे. खुद्द मेक्सिकोतही ज्या इतिहासावर कमी बोललं जायचं तो इथे भिंतीवर लागला, आणि मग ते प्रदर्शन फिरत फिरत मेक्सिकोतही गेलं. हे फ्रिडाचे फोटो लावून होत नाही.

राहिला शेवटचा, की सण हे म्युझियमचं काम नाही. मला वाटतं इथेच मेसेज लिहिणारा सगळ्यात जास्त चुकलाय. ओफ्रेन्दा काचेच्या पेटीत ठेवून चालत नाही, ती कुणीतरी कुणासाठी तरी मांडावी लागते, दरवर्षी नव्याने, नाहीतर ती नुसती शेल्फ आहे. म्हणून हे लोक दरवर्षी कलाकारांना बोलवतात, शाळांना बोलवतात, कुटुंबांना बोलवतात. २०२० चं प्रदर्शन कोविडमध्ये गेलेल्यांना वाहिलेलं होतं, पिल्सनसारख्या वस्त्यांमध्ये त्या वर्षी किती घरात माणूस गेला ते इथे राहणाऱ्यांना विचारा. सोर हुआना या सतराव्या शतकातल्या मेक्सिकन कवयित्री ननच्या नावाने बायकांच्या कलेचा महोत्सव त्यांनी सुरू केला तोही याच विचाराने. आणि एवढं करून हे अमेरिकेतल्या म्युझियम संघटनेची अधिकृत मान्यता मिळवणारं पहिलं लॅटिनो म्युझियम आहे, म्हणजे ज्यांचं कामच म्युझियम तपासणं त्यांनाही सण आड आला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी हॅरिसन पार्कात मोकळ्यावर लोक आपापल्या ओफ्रेन्दा मांडतात, म्युझियमच्या भिंतीवर उजेडाची चित्रं पडतात. मागे एकदा तिथे एका फोल्डिंग टेबलापाशी मी बराच वेळ उभा होतो. बांधकामावरच्या माणसाचा फोटो, खाली त्याचे बूट, टाचेत वाळलेलं सिमेंट तसंच, घासलेलं नव्हतं. शेजारी डबा, डब्यात दोन तामाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले, वर फडकं घातलेलं. वारा सुटला की त्याची बायको वाकून मेणबत्तीभोवती हात धरायची, वारा गेला की ग्लासात थोडं पाणी घालायची. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, बूट धुवायला घेतले होते पण मुलगा म्हणाला नको, बाबा ओळखणार नाहीत.

ज्यांना मेसेज पुढे पाठवायचाय त्यांनी आधी एकदा जाऊन या. पिंक लाईन ट्रेनने एटीन्थ स्ट्रीट स्टेशनला उतरा, स्टेशनच्याच भिंतींवर म्युरल्स आहेत, तिथून थोडं चालायचं. सोमवार सोडून कधीही.