बटू एंजलची जोडी आणि गोड्या पाण्यातला सल्ला

फ्लेम एंजल या छोट्या समुद्री माशाच्या लालबुंद फोटोसोबत सध्या एक मजकूर फिरतोय: एक नर, एक मादी आणा, 60 लिटरच्या टाकीत सोडा, काचेवर अंडी घालतील, आईबाप राखण करतील, पिल्लांना ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव) द्या. फोटो समुद्री माशाचा आणि कृती गोड्या पाण्यातल्या एंजलची! गोड्या पाण्यातला हा एंजल सिक्लिड नावाच्या कुळातला, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. फ्लेम, कोरल ब्यूटी वगैरे सेंट्रोपायगी वंशातले बटू एंजल नावापुरतेच त्याचे सोयरे.

60 लिटरचं आधी उरकून टाकू. बटू एंजल दिवसभर खडकांतून फिरत शेवाळ टिपतो. जोडीला 250 लिटर आणि भरपूर लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्री खडक), याखाली मी तरी कुणाला सांगणार नाही.

‘एक नर, एक मादी आणा’ हे म्हणायला सोपं. हे मासे आधी मादी म्हणून वयात येतात आणि गटातला सर्वांत मोठा, दांडगा मासा पुढे नर होतो. त्यामुळे दुकानात लिंग शोधत बसण्यापेक्षा आकार बघा. एक ठळक मोठा, एक स्पष्ट लहान. लहान्याला आधी सोडा, त्याला लपायच्या जागा कळू द्या, मग मोठ्याला. दोन सारखेच थोराड मासे आणलेत तर दोन्ही नर निघण्याचा धोका असतो. मग एकाचे पर फाटतात आणि तो कोपऱ्यात दडून राहतो. तसं दिसलं की त्याच दिवशी वेगळे करा, ‘जमेल हळूहळू’ म्हणून थांबू नका.

काचेवर अंडी तर कधीच दिसणार नाहीत. दिवे मावळायच्या वेळी नर पर ताणून मादीभोवती घिरट्या घालतो, तिच्या पोटाला तोंड लावतो, दोघं तिरके वर चढतात आणि क्षणात अंडी-शुक्राणू सोडून खाली सुटतात. अंडी मिलिमीटरहूनही लहान, पारदर्शक, तरंगणारी. राखण कसली, आईबाप ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून टाकी लांब असून भागत नाही, वर चढायला उंचीही हवी.

खरी गोम खाद्यात आहे. अंडी साधारण दिवसभरात फुटतात, पण बाहेर येणाऱ्या जिवाला तोंडही नसतं, डोळेही धड नसतात. दोन-तीन दिवसांनी तोंड उघडतं ते इतकं बारीक, की नुकतं फुटलेलं ब्राइन श्रिंप, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर, त्यात मावणंच शक्य नाही. रोटिफर या त्याहून सूक्ष्म जिवांवरही वर्षानुवर्षं लोक अडकले होते. वाट सापडली ती कोपेपॉड या पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवांच्या नवजात पिल्लांमुळे. हवाईत फ्रँक बेन्श यांनी या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या जोरावर काही सेंट्रोपायगी जाती वाढवून दाखवल्या. तरीही पिल्लाला माशाचं रूप यायला दीड-दोन महिने जातात.

थोडक्यात क्रम उलटा हवा: आधी सूक्ष्म शेवाळ, मग त्यावर कोपेपॉड, ते टिकले की मगच अंड्यांचा विचार. अंडी घालायच्या संध्याकाळी रिटर्न पंप (खालच्या टाकीतलं पाणी वर आणणारा) बंद ठेवा, नाहीतर सगळी अंडी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे पाणी वाहून जायच्या वाटेने, सम्पमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत) जातील. पृष्ठभागावरची अंडी पाण्यासकट वाटीने अलगद उचला. जाळीने उचललीत तर चिरडतील.