मॅनिफोल्ड जोर लावून बसत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनाच्या सिलेंडरांकडे हवा नेणारा फाट्यांचा नळ) काढणं तासाभराचं काम, इंजिन गरम असतानाच खोला, बोल्ट सहज सुटतात, जुन्याच पॅकिंगवर सिलिकॉन पेस्ट थापा आणि बोल्ट दम लागेपर्यंत आवळा, प्लास्टिकचं काही तुटलं तर गाडीचं वय झालं समजा, गाडी स्टार्ट झाली की काम झालं. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो. आटे गेलेली हेडं (इंजिनाचा वरचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड बोल्टने बसतं) शेवटी आमच्याच टेबलावर येतात, म्हणून हे लिहितोय. घरी करूच नका, असं माझं म्हणणं नाही. पण या संदेशाप्रमाणे करू नका.

आधी आवळण्याचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. प्लास्टिक मॅनिफोल्डचं बोल्टचं भोक नीट बघा, आत धातूचा बुश, म्हणजे छोटी नळी, दिसेल. बोल्ट आवळला की हा बुश हेडला टेकतो. रबरी पॅकिंग खाचेत बसलेलं असतं. ते किती दबणार हे खाचेची खोली आणि बुशची उंची ठरवते. बुश टेकल्यावर तुम्ही कितीही जोर लावा, पॅकिंग केसभरही जास्त दबत नाही. तो सगळा जोर बोल्ट ताणण्यात आणि ॲल्युमिनियमचे आटे उपटण्यात जातो. दहा नंबरच्या पान्याने फिरणारा ६ मिलीमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. हाताच्या भाषेत सांगायचं तर २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलोचं वजन. लांब दांड्याचं अर्धा इंची रॅचेट इथे नकोच. आधी सगळे बोल्ट बोटाने लावून घ्या, मग मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

गरम इंजिनाचा मुद्दा अर्धा खरा आहे. हेडचं ॲल्युमिनियम बोल्टच्या लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड थोडी ढिली होते. पण इनटेकच्या बाजूला पेट्रोलची लाइन असते, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल सांडलं तर गाडी पेटू शकते. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. आपल्याकडच्या पावसाने बोल्टभोवती पांढरी भुकटी धरलेली असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सोडवताना बोल्ट अडला तर पाव फेरा परत आत घ्या, मग बाहेर. हिसका मारला की मुंडी हातात येते.

‘वय झालं म्हणून तुटतं’ हेही मला पटत नाही. उष्णतेने प्लास्टिक कडक होतं, हे खरं. पण खानापूरकडच्या गाड्यांत मी काय बघतो? कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगच्या) लॉकखाली लाल माती घट्ट बसलेली असते. लॉक दाबलं जात नाही, मग पेचकस घालून उचकटतात आणि ते तुटतं. आधी हवा मारा. कपलर किंचित आत ढकला, लॉक दाबा, मग कपलरच्या अंगाला धरून ओढा, वायरीला कधीच नको.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात: रबरी पॅकिंगला ते लागत नाही, पेट्रोलने ते फुगतं आणि सुटलेला तुकडा थेट सिलेंडरकडे ओढला जातो. पॅकिंग नवीन घ्या. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या ओ-रिंगला (रबरी कडीला) इंजिन ऑइलचं बोट पुरे. मॅनिफोल्ड उतरताच हेडची भोकं स्वच्छ कापडाने बंद करा आणि किती बोळे घातले ते मोजून ठेवा.

राहिलं ‘स्टार्ट झाली की काम झालं’. फ्यूज आणि बॅटरी परत जोडा, मग स्टार्टरआधी चावी दोन-तीनदा ऑन करून पेट्रोल कुठे झिरपतंय का बघा. चालू केल्यावर फुसफुस ऐकू आली, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) चढलेलं राहिलं, तर हवा कुठून तरी आत जातेय. आणि ब्रेक बूस्टरचा, म्हणजे ब्रेक पेडल हलकं करणाऱ्या डब्याचा, व्हॅक्यूम पाइप बहुतेक पेट्रोल गाड्यांत याच मॅनिफोल्डवर असतो. चोर्ल्याच्या घाटाकडे निघण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय तसाच ठेवून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर बॉनेट पुन्हा उघडा.