उभी मेव्ह आणि पालथा ओवेन
एका लेखात म्हटलंय की आयर्लंडमधल्या स्लायगोच्या नॉकनरी डोंगरावरच्या दगडांच्या राशीत कॉनाक्टची (पश्चिम आयर्लंडमधला प्रांत) दंतकथेतली राणी मेव्ह हिला भाल्यासकट, उत्तरेच्या शत्रुप्रांताकडे, म्हणजे अल्स्टरकडे तोंड करून उभी पुरलीय. पण ती रास नवाश्मयुगातली, सुमारे 5000 वर्षं जुनी, म्हणजे मेव्हच्या कथांच्या कितीतरी आधीची. उंची 10 मीटर, रुंदी 55 मीटर, आणि आतून कधी उकरलेलीच नाही. उभ्या दफनाची जुनी कथा आहे ती सहाव्या शतकातल्या कॉनाक्टच्या ओवेन बेल राजाची. हातात लाल भाला, तोंड उत्तरेला. तो तसा उभा असेतो कॉनाक्टवाले लढाईत हटेनात! शेवटी उत्तरेकडच्या शत्रूंनी त्याला उकरून लॉख गिल सरोवराजवळ नेला आणि पालथा पुरला. तोडगा अगदी आपल्या मांत्रिकांना शोभणारा. बाकी नॉकनरीवर जाणाऱ्यांनी राशीवर चढू नये. सुटे दगड घरंगळतात, उतार ढासळतो.