खोबरेल, ऊन आणि व्हॅसलीन: बूट असे वॉटरप्रूफ होत नाहीत

पाऊस तोंडावर आला की नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांवर आणि कंपन्यांतल्या शिफ्टच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. लेदरच्या बुटांना भरपूर खोबरेल चोपडा, दिवसभर कडक उन्हात ठेवून मुरू द्या, वरून व्हॅसलीनचा थर द्या. बूट चारही महिने शंभर टक्के वॉटरप्रूफ. भिजलेच तर हेअर ड्रायरने वाळवा. पूर्वी लोक वहाणांना तेलच लावायचे, बाजारातली क्रीम म्हणजे लूट. पावसाळा संपला की पुन्हा तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, वर्षानुवर्षं टिकतील.

यातलं वहाणांचं वाक्य खरं आहे, त्याकडे येतोच. बाकीच्या सल्ल्यापायी कुणी आपला एकुलता एक धड जोड घालवू नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी तेल. चामडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंची दाट वीण. चामडं कमावतानाच त्यात तेल मुरवलेलं असतं. त्यामुळे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि बूट पावलाबरोबर वाकतो. घामाने, भिजण्या-वाळण्याने हे तेल कमी होतं, तेव्हा थोडं परत द्यावं लागतं. हे झालं चामडं मऊ राखणं. पाणी अडवणं हे निराळं काम, आणि ते मुख्यतः मेण करतं. मेसेजने ही दोन्ही कामं एकच धरली आहेत, घोळ तिथेच आहे.

त्यातही खोबरेल या कामाला सोयीचं नाही. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तेल पाजलेल्या बुटावर पांढुरका थर दिसू लागतो. उन्हाळ्यात तेच तेल पातळ होऊन शिवणीतून अस्तरात उतरतं, मोजे ओशट होतात. ‘भरपूर’ लावलं तर चामडं सैल पडतं, घोट्याजवळचा आधार जातो. स्वेड किंवा नुबक अशा मखमली लव असलेल्या चामड्यावर तर तेल लावूच नये. लव चिकटून बसते आणि डाग निघत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये सेफ्टी शूज घालून आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांनी यापुढचं नीट वाचावं. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडतात तिथे तेलाने माखलेलं चामडं घालू नये. वेल्डरने तेलकट कपडे घालायचे नाहीत, हा नियम बुटांनाही लागू आहे. तेल ओघळून सोलखाली गेलं तर फरशीवर पाय सटकतो. साधं रबर तेलाने फुगतं, सोल जिथे चिकटवलेला असतो तिथली पकड ढिली होते. घरखर्चातून पैसे बाजूला काढून घेतलेला जोड अशा नुस्ख्यापायी खराब होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कडक उन्हाचंही तसंच. नाशिकच्या मे महिन्यात हवाच चाळिशीला टेकते, काळा बूट त्याहून कितीतरी जास्त तापतो. चामडं कोरडं पडतं, चिकटवण नरम होते. हेअर ड्रायरचा सल्ला तर त्याहून घातक, कारण ओलं चामडं कोरड्याइतकी उष्णता सोसत नाही. तंतू आक्रसतात, एकमेकांना चिकटून बसतात. चवड्यापाशी बूट दुमडतो तिथल्या वळीत बोट फिरवून पाहा. आधी पुठ्ठ्यासारखा कडकपणा लागतो, मग बारीक भेगा. त्या भेगा कोणत्याही तेलाने सांधत नाहीत. भिजलेल्या बुटाची लेस सैल करा, सुखतळा बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला आणि बूट सावलीत पंख्याखाली ठेवा. वेळ लागतो, लागू द्या.

व्हॅसलीनने थेंब काही वेळ ओघळतात, हे कबूल. पण तो थर वाळत नाही. धूळ धरतो, गवतात पुसला जातो.

आता ‘शंभर टक्के’. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तासाभरावरच्या इगतपुरीत ३००० च्या वर. नाशिकजवळच्या अंजनेरी गडाच्या पठारावर ओल्या गवतातून चाललात की पाणी शिवणीच्या भोकांतून, जिभेच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून मोज्यावाटे आत येतं. चामडं कितीही माखलं तरी या वाटा बंद होत नाहीत.

वहाणांचं म्हणाल तर, हो, लोक तेल लावत आणि बरोबरच करत. कोल्हापुरीसारखी वहाण बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेल्या जाड चामड्याची असते. अस्तर नाही, फोम नाही, चारी बाजूंनी उघडी. आजचे बहुतेक बूट क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे, आत अस्तर आणि खाली चिकटवलेला सोल. वहाणेचा उपाय बुटाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आणि लूट? पॉलिशच्या साध्या चपट्या डबीतही मेणच असतं. बूट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. एक पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा राहिला तर काहीच लावायला नको. मुरून डाग काळपट झाला तर मेणाचं क्रीम अगदी पातळ लावा. शिवणीवर मधमाश्यांचं मेण बोटाने चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रश मारा. टाके उसवले असतील तर आधी चर्मकाराकडून शिवून घ्या, त्याला पर्याय नाही.

राहिली प्लॅस्टिकची पिशवी. आत कोंडलेल्या ओलीने बुरशी धरते. पॉलियुरेथेनचा (पीयू या फोमसारख्या प्लॅस्टिकचा) सोल तर दमट हवेने आतून झिजत जातो. नुसता पडून राहिलेला बूट दोन-चार वर्षांनी काढला की पहिल्याच चालीत सोलचे तुकडे पडू शकतात, वरचं चामडं ठणठणीत असलं तरी. बूट वाळवून कापडी पिशवीत ठेवा, मध्येमध्ये पायात घाला, आणि गडावर जाण्याच्या आदल्या आठवड्यात सोल हाताने वाकवून पाहा.