मेडिकलमध्ये ‘सर्दीची गोळी द्या’ म्हणणं सोडा

काउंटरवर ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटलं की हातात येणाऱ्या पट्टीत एक नाही, तीन-चार औषधं असतात. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉल 500 किंवा 325 मिलिग्रॅम, फिनाइलेफ्रिन 5 किंवा 10, क्लोरफेनिरामिन म्हणजे सीपीएम 2 (त्याच्या जागी कधी सेटिरिझिन 5), आणि काहींत वरून 30 मिलिग्रॅम कॅफीनची फोडणी. ताप नाही, अंगदुखी नाही, नुसतं नाक गळतंय, तरी सगळं पोटात जातं. माझं मत सरळ आहे: ही मिश्र गोळी मागायचीच नाही. काय होतंय ते सांगायचं आणि तेवढ्यापुरतं एक औषध घ्यायचं.

यातला सगळ्यात फुकटचा घटक फिनाइलेफ्रिन. चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून तो घालतात, पण गिळला की आतड्यात आणि यकृतातच त्याचा बहुतेक भाग मोडून जातो, नाकापर्यंत पोचतो तो नावापुरता. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए, तिच्या सल्लागार समितीने सप्टेंबर 2023 मध्ये 16 विरुद्ध 0 मतांनी सांगितलं, की तोंडावाटे नेहमीच्या डोसमध्ये याचा चोंदलेल्या नाकाला उपयोग होत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये एफडीएने ते मान्यताप्राप्त यादीतून काढायचा प्रस्तावही मांडला. मग ते गोळीत आलं कसं? खरं काम करणारं औषध स्यूडोएफेड्रिन. पण त्यापासून मेथ हा नशेचा पदार्थ बनवतात, म्हणून 2006 मध्ये अमेरिकेत ते काउंटरच्या मागे गेलं आणि कंपन्यांनी रिकाम्या जागी फिनाइलेफ्रिन बसवलं. आपल्या पट्ट्यांवर ते अजून ठाण मांडून आहे.

पॅरासिटामॉलची गंमत वेगळी, आणि ती यकृताला महागात पडते. दिवसात 500 वाल्या सर्दीच्या चार गोळ्या म्हणजे 2000 मिलिग्रॅम. त्यातच ताप आला म्हणून नुसत्या पॅरासिटामॉलच्या 650 च्या चार, म्हणजे आणखी 2600. झाले 4600. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 आहे, आणि दारू पिणाऱ्या, किरकोळ वजनाच्या किंवा यकृत बिघडलेल्या माणसाची त्याहून कमी. दोन पट्ट्यांची नावं वेगळी असल्यामुळे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता सेटिरिझिन. व्हायरसच्या पडशात ते घेऊन ‘काहीच फरक नाही’ म्हणणारे खूप, आणि त्यांचं खरं आहे. पडशात नाक गळतं त्यात हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा, वाटा थोडा असतो, त्यामुळे सेटिरिझिनसारखी नवी अँटिहिस्टामिन (हिस्टामिनला अडवणारी औषधं) तिथे जवळपास काहीच करत नाहीत. जुन्या सीपीएमने थोडं सुकतं, कारण त्याचा दुसरा गुण कामाला येतो: ते सगळे स्राव आटवतं. तोंड कोरडं पडतं ते त्यामुळेच. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब वाढतो, आणि गुंगी तर येतेच. ते घेऊन दुचाकी काढू नका.

अ‍ॅलर्जीत मात्र गोष्ट उलटी. लागोपाठ शिंका, पाण्यासारखं नाक, नाकाला-डोळ्यांना खाज, ताप नाही, आणि दिवाळीच्या साफसफाईत किंवा गाजर गवत फुलल्यावर हमखास सुरू: इथे सेटिरिझिन 10 किंवा लेव्होसेटिरिझिन 5 मिलिग्रॅम दिवसातून एकदा चांगलं चालतं. झापड येते म्हणून रात्री घ्यावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा. दिवसा डोकं जाग्यावर हवं असेल तर फेक्सोफेनाडिन 120. पण ते पाण्यासोबतच घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं की ते नीट शोषलं जात नाही, आणि अ‍ॅसिडिटीच्या काही औषधांनीही तेच होतं. सेटिरिझिन महिनोन् महिने रोज घेऊन अचानक सोडलं की काहींना अंगभर भयंकर खाज सुटते. एफडीएने मे 2025 मध्ये याचा इशारा दिला. ही खाज अ‍ॅलर्जी परत आल्याची असेलच असं नाही. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

जाता जाता: लेव्होसेटिरिझिनसोबत माँटेलुकास्ट (दमा आणि अ‍ॅलर्जीवरचं औषध) असलेली गोळी आपल्याकडे शेंगदाण्यासारखी वाटली जाते. माँटेलुकास्टमुळे झोप बिघडणं, चिडचिड, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात म्हणून एफडीएने 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साध्या शिंकांसाठी ते नको.

नाक ठार बंद असेल तर गोळीपेक्षा झायलोमेटाझोलिनचे किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब. मिनिटांत नाक उघडतं. गोम अशी की ते रक्तवाहिन्या आवळतात, आणि काही दिवस सलग घातले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त फुगतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगवटा. बाटली महिनोन् महिने खिशात घेऊन फिरणारे लोक या फेऱ्यातच अडकलेले असतात. तीन दिवस, फार तर पाच, पुढे बंद. ब्लड प्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा. मुलांची बाटली कमी तीव्रतेची असते, मोठ्यांची त्यांना वापरू नका.

चार वर्षांखालच्या मुलांना सीपीएम-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण देऊ नये, असं लेबलवर छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनीच डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं. तरी घरात उरलेली बाटली ‘दोन थेंब पाज’ म्हणून निघतेच. अशी बाटली फेकून द्या.

बाळांना मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात, तेही मेडिकलमधले तयार. मोठ्यांना नाक धुवायचं तर पाणी पाच मिनिटं उकळून कोमट होऊ द्या, अर्ध्या लिटरला पाऊण छोटा चमचा मीठ घाला, आणि उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात नको. मीठ कमी पडलं तर झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं.