‘जिभेवर ताबा’ सुचवणाऱ्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जळगावला विद्यापीठात शिकताना माझं वजन वाढत गेलं, परीक्षेच्या आणि एकटेपणाच्या ताणात मी रात्री चोरून खात बसायचे, फोटोत यायचं टाळायचे, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की ही भरल्या पोटाची दुखणी आहेत, शेतात राबणाऱ्या बायकांना ती होत नाहीत. लेखात मधुमेहाबद्दल चकार शब्द नाही, त्यामुळे मुलींना जाड राहायला उत्तेजन मिळतं. लेखही फार लांब आहे. आणि शेवटी हे: ‘ताई, जिभेवर ताबा ठेवला असता तर एवढं रामायण लिहावं लागलं नसतं. बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात शिकून ही थेरं शोभत नाहीत.’

लेख लांबला, हे मान्य. शेवभाजीचं वर्णन निम्म्यावर आणलं असतं तरी चाललं असतं.

पण ते वाक्य? एका अनोळखी मुलीशी पहिल्यांदाच बोलताना असं बोलतात का? समोर बसून बोलला असतात का? तुम्ही शिक्षक होतात असंही लिहिलंय. म्हणजे किती मुली तुमच्यासमोरच्या बाकांवर बसून गेल्या असतील. त्यांतल्या एखादीने हिंमत करून असं काही सांगितलं असतं, तर तिलाही हेच उत्तर मिळालं असतं का, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. मुद्दा पटला नाही तर मुद्द्यावर बोला. माझ्या जिभेवर आणि संस्कारांवर कशाला घसरता?

आता ताब्याविषयी. ताबा होता, काका. त्या काळात माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी आणि अर्धी पोळी. आई रावेरकडून येणाऱ्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरजवळ डबा द्यायची. मी स्टँडवरून तो आणायचे, खोलीवर उघडायचे. कळण्याच्या भाकरी, भरीत, वर कांद्याची पात, कोपऱ्यात ठेचा. सगळं मैत्रिणींना वाटून टाकायचे आणि आईला फोनवर सांगायचे, जेवले गं पोटभर. रात्री सगळ्या झोपल्या की केळीच्या वेफर्सचं पाकीट काढायचे. हाताने फाडलं तर आवाज होतो, म्हणून कात्रीने हळूहळू कापायचे. पहिले चार वेफर्स सोडले तर चव कळायचीच नाही. पोट दुखायला लागलं तरी हात थांबायचा नाही. रिकामं पाकीट गादीखाली जायचं, आणि सकाळी कालच्यापेक्षा कडक नियम. तुम्ही सुचवताय तो उपाय मी तेव्हाच करत होते, आणि त्यानेच मी आणखी खोल गेले.

हे एकट्या माझ्यापुरतं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. स्वतःहून पुढे आलेले पुरुष होते ते, मनाने खंबीर. अर्धपोटी राहता राहता त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. प्रयोग संपून पुरेसं खायला मिळाल्यावरही कित्येकांचं समाधान होईना, काहींना थांबताच येईना. त्यांच्या जिभेला तुम्ही काय म्हणाल? आणि ताबा सुटून खाण्याच्या या त्रासाला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. आठवड्यातून किमान एकदा ताबा सुटणं, असं तीन महिने, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं, ही सगळी लक्षणं तिथे लिहिलेली आहेत. ती वाचली त्या दिवशी मी रडले, कारण कुणीतरी माझी खोली बघून लिहिल्यासारखं वाटलं.

राबणाऱ्या बायकांचं म्हणता, तर माझी आजी केळीच्या बागेत मजुरीला जायची. घरात भांडण झालं की ती जेवण टाकायची. दोन-दोन दिवस पाण्यावर. मोठे काका रागावले की ताट सरकवून उठायचे आणि सगळं घर त्यांच्या मागे ‘दोन घास खाऊन घ्या’ करत फिरायचं. दुःखाने न जेवणं आपल्याकडे घरोघरी चालतं, त्याला मान आहे, त्याची समजूत काढली जाते. दुःखाने जास्त खाणारीची मात्र टिंगल. लग्नाच्या मांडवात, हळदीला, चारचौघांत विचारायचं, ‘कोणत्या चक्कीचं पीठ खातेस गं?’ आणि सगळ्यांनी हसायचं. मी तेव्हा हसले आणि परतताना स्टँडवर अर्धा किलो शेव घेतली. तुमचं ते वाक्य त्याच मांडवातलं आहे.

बहिणाबाईंना मध्ये आणलंत ते तर मला अजिबात आवडलं नाही. विद्यापीठाला त्यांचं नाव २०१८ मध्ये मिळालं, आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. पण आसोद्याच्या त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. वैधव्य सोसलं, कष्ट उपसले, आणि ते सगळं जात्यावर, शेतात बोलून दाखवलं. मुलाने आणि आप्ताने ते उतरवून घेतलं म्हणून आज आपल्यापाशी आहे. आपलं दुखणं मोठ्याने सांगणाऱ्या बाईचं नाव पुढे करून तुम्ही दुसऱ्या बाईला गप्प बसायला सांगताय.

मधुमेहाचं म्हणाल, तर तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, हे मला पाठ आहे. त्यावर लिहिणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, त्यांचं वाचावं. मी कुणालाही जाड राहा म्हटलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. बाकीच्या शेऱ्यांवर वेळ घालवत नाही.

तुमची माझ्यावरची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण तिच्याखाली नंदुरबारच्या एका विद्यार्थिनीने ‘माझंही असंच होतंय’ एवढंच लिहिलं होतं, आणि तिला तुम्ही ‘रोज पहाटे पळ, रडणं आपोआप थांबेल’ असं उत्तर दिलंत. ते मी काढून टाकलं आहे. माझ्याशी हवं तेवढं भांडा, तिच्याशी नाही.

आणि तिला सांगते: बाळा, उद्या सकाळचा नाश्ता चुकवू नकोस, रात्री काहीही झालेलं असलं तरी. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा, तिचा क्रमांक १४४१६ आहे. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीसुद्धा चालू असते, मराठीत बोलता येतं. मैत्रिणी शेजारी असतील तर गच्चीवर जाऊन फोन कर. मला लिहायचं असेल तर तेही लिही, इथे नको असेल तर निरोपात लिही.