चालू इंजिनवर कॉइल उपसू नका

‘गाडी मिसिंग मारतेय? इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल उपसा, आवाज बदलला नाही तो सिलिंडर खराब’ हा मेसेज सध्या फिरतोय. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, आणि कॉइल म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (एकाच कॉइलची वीज सगळ्या प्लगना वाटणाऱ्या) गाड्यांवर मेकॅनिक अशाच एकेक प्लगच्या वायरी उपसायचे, हे खरं. पण आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, तिचा विजेचा दाब २० हजार व्होल्टच्या वर जातो. झटका बसू शकतो, शिवाय कॉइल जळू शकते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतो. तो भाग फार महाग!

इंजिन बंद करा, गार होऊ द्या. गाडीचे दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग) आला, तर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. कोड पी०३०३ (तीन नंबरचा) झाला, तर दोष कॉइलचा. कोड हललाच नाही, तर दोन नंबरचा प्लग काढून बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे ऑइल आत येतंय. फिकट तपकिरी टोक ठीक. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी तिथूनच पळतेय. असा प्लग घासून उपयोग नाही, बदलाच. आणि कॉइलचं प्लगवर बसणारं रबरही तपासा, तशीच रेघ बहुधा आतून असते.